सही करू की थांबू? इजा झाल्यावर भरपाईचे मार्ग

लंगडा घोडा
दीड महिन्यापूर्वी एका व्यापारी इमारतीच्या जिन्यावर पडलो. तोल गेला म्हणून कठड्याला हात घातला, तर कठडाच हातात आला. त्याचा खांब तळापासून सुटलेला होता. घोटा दोन ठिकाणी मोडला, ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि सात स्क्रू आहेत. अजून कुबड्या चालू आहेत आणि रजा आता बिनपगारी झाली आहे.

मागच्या आठवड्यात इमारत सांभाळणाऱ्यांच्या विमा कंपनीतून फोन आला. बाई फार गोड बोलल्या. हॉस्पिटलचं बिल पूर्ण, वर थोडी रक्कम, दहा दिवसांत पैसे खात्यात. फक्त एका कागदावर सही हवी. कागदात लिहिलंय, 'या घटनेतून उद्भवलेल्या व पुढे उद्भवू शकणाऱ्या सर्व मागण्यांचा पूर्ण व अंतिम निपटारा'.

बायको म्हणते, घ्या आणि मोकळे व्हा. भाऊ म्हणतो, कोर्टात खेच. मला दोन्हीची धास्ती वाटते. एक कबुली आधीच देऊन टाकतो: जिना उतरताना मी मोबाइलमध्ये बघत होतो.

माझ्यापुढे नेमके मार्ग कोणते? तुमचेही अनुभव लिहा. असा पडणारा मी काही एकटाच नसेन.

काळा डगला
सही करू नका. निदान आज तरी नाही. आता कारण सांगतो.

(तीस वर्षं भरपाईचे दावे चालवले, आता डगला खुंटीला टांगलाय. इथली मंडळी ठिकठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून सर्वत्र लागू पडेल तेवढंच लिहितो. कलमं आणि मुदती आपापल्या ठिकाणच्या वकिलाकडून पक्क्या करा.)

१७०१ साली इंग्लंडात फेटर विरुद्ध बील असा एक खटला झाला. बीलनं फेटरला मारहाण केली, डोक्याला लागलं, फेटरनं दावा लावला आणि भरपाई मिळवली. पुढे त्याच जखमेपायी कवटीचा तुकडा निघाला. बिचारा पुन्हा कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, मारहाण एकच, तिचा दावाही एकच. पहिल्या वेळी पंचांनी (म्हणजे ज्यूरीनं) पुढच्या परिणामांचाही विचार केला होता असंच धरलं जाईल. तीनशे वर्षं उलटली तरी ही गोष्ट फारशी बदललेली नाही. एका इजेचा हिशेब एकदाच होतो, मग तो निकालानं होवो की सहीनं. इंग्लंडच्या कायद्यानं १९८२ मध्ये एक खिडकी उघडली: पुढे गंभीर बिघाड होण्याची शक्यता असेल तर आत्ता तात्पुरती भरपाई घ्यायची आणि तो बिघाड झाला तर परत यायचं. पण ही सोय पहिल्याच निकालात नोंदवून घ्यावी लागते, मागाहून सुचून उपयोग नाही.

तुमच्या कागदातले 'पुढे उद्भवू शकणाऱ्या' हे शब्द म्हणजे फेटरच्या कवटीचा तुकडा. त्या बाई बिलाचे पैसे देताहेत असं दिसतं, प्रत्यक्षात त्या तुमच्या घोट्याचं भविष्य विकत घेताहेत.

मार्ग म्हणाल तर समोरच्या विमा कंपनीशी थेट बोलणी, मध्यस्थासमोर तडजोड, दिवाणी दावा. शिवाय स्वतःचा अपघात विमा किंवा आरोग्य विमा, नोकरीतली काही तरतूद, सरकारी साहाय्य. यातलं एक निवडलं की बाकीचे बंद, असं बहुधा नसतं. दावा लावल्यावरही बोलणी चालूच राहतात आणि बरेचसे दावे निकालाआधीच मिटतात.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट. कायद्यातलं कळत नाही, घोट्यातलं कळतं. दीड महिन्यात हाड जुळायला लागलंय एवढंच सांगता येतं. सूज कधी जाईल, पाऊल वर किती वळेल, जिना उतरताना दुखेल का, हे कळायला महिने लागतात. मोड सांध्याच्या आत गेली असेल तर कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, मार बसलेला असतो आणि तिथली झीज काही वर्षांनीसुद्धा डोकं वर काढते. कधी प्लेट टोचते म्हणून ती काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. आत्ताच्या बिलात हे सगळं कुठून येणार?

सुधारणा आता थांबली, यापुढे फार फरक पडणार नाही, असं सर्जन ज्या दिवशी म्हणतील त्या दिवसानंतर आकड्याचं बोला. तेव्हा कायम अपंगत्व किती ते लेखी घ्या.

आणखी एक. डॉक्टरांनी 'कसं आहे?' विचारलं की आपण सवयीनं 'बरंय' म्हणतो आणि ते केस पेपरवर तसंच उतरतं. वर्षभरानं तोच पेपर तुमच्यासमोर धरतात. रात्री ठणका लागतो, जिना उतरता येत नाही, झोप मोडते, जे असेल ते तिथेच सांगा. वाढवूनही सांगू नका. खोटं लंगडणं आम्हाला ओळखू येतं आणि त्यांच्या डॉक्टरांनाही.

लंगडा घोडा
गेल्या दोन्ही वेळा 'बरंय' म्हणून आलोय. घोटाळाच केला.

रोखठोक
कटू बोलतो, राग मानू नका. मोबाइल बघत जिना तुम्ही उतरलात आणि बिल दुसऱ्याच्या माथी? कुणी तरी पैसे देतंय तर घ्या आणि सोडा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ते उगाच नाही म्हणत. तिकडे अमेरिकेत कॉफी अंगावर सांडली म्हणून एक आजी लाखो डॉलर घेऊन गेल्या, तोच प्रकार आता सगळीकडे सुरू झालाय.

काळा डगला
रोखठोक, तुमचा प्रश्न समोरचा वकीलही विचारणारच, त्यामुळे इथे निघाला ते बरं झालं.

आधी कॉफी. लीबेक खटला, घटना १९९२ ची, पंचांचा निकाल १९९४ चा. आजी ७९ वर्षांच्या. थांबलेल्या गाडीत बाजूच्या सीटवर बसून कपाचं झाकण काढत होत्या. कॉफी ८२ ते ८८ अंशांवर ठेवायची अशी ती विकणाऱ्या मॅकडोनाल्ड्स कंपनीची पद्धत होती. मांड्या कातडीच्या खालपर्यंत भाजल्या, दुसरीकडची कातडी लावावी लागली, आठ दिवस हॉस्पिटलात काढले. आजींनी आधी सुमारे २० हजार डॉलर मागितले होते. कंपनीनं देऊ केले ८००. खटल्यात निघालं की भाजल्याच्या सातशेच्या वर तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या. पंचांनी नुकसान दोन लाखांचं धरलं आणि आजींचा स्वतःचा दोष २० टक्के म्हणून ते १ लाख ६० हजारांवर आणलं. वर कंपनीला अद्दल घडवायला २७ लाखांचा दंडात्मक भाग लावला, तो न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर छाटला. शेवटी आपसात मिटलं, आकडा गुपित. यातलं आपल्या कामाचं काय, तर ते २० टक्के.

पूर्वी असं नव्हतं. १८०९ चा बटरफिल्ड विरुद्ध फॉरेस्टर बघा. फॉरेस्टरनं घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकला. तिन्हीसांजेला बटरफिल्ड घोडा भरधाव सोडत आला, वाशाला धडकला, पडला. कोर्ट म्हणालं, नीट बघत आला असतास तर वासा दिसला असता. दमडी मिळाली नाही. वाशावाल्याची चूक असूनही घोडेस्वाराची चूक थोडीशी निघाली की सगळा दावा बुडायचा. इंग्लंडनं हा नियम १९४५ च्या कायद्यानं मोडला आणि चुकीच्या प्रमाणात भरपाई कापायची पद्धत आणली. आज बहुतेक ठिकाणी अशीच वाटणी होते. अमेरिकेतल्या अलाबामा, मेरीलँडसारख्या मोजक्या राज्यांत मात्र जुना कडक नियम अजून टिकून आहे आणि काही राज्यांत तुमचा दोष अर्ध्यावर गेला की काहीच मिळत नाही. म्हणून आपल्याकडचा नियम कोणता, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

एक मापही देतो. सीटबेल्ट न लावणाऱ्यांबद्दल इंग्लंडच्या अपील न्यायालयानं १९७५ मध्ये फ्रूम विरुद्ध बुचर या खटल्यात आकडे घालून दिले. पट्टा लावला असता तर इजा झालीच नसती, तर २५ टक्के कपात. कमी झाली असती, तर १५. पट्ट्यामुळे काहीच फरक पडला नसता, तर कपात शून्य.

घोडेसाहेब, आता तुमचा मोबाइल. तोल जाण्यात त्याचा हात असेल. पण कठडा असतो कशासाठी? तोल गेलेल्या माणसासाठीच ना? सगळे तोल सांभाळून चालले असते तर कठडे बांधले कशाला असते?

रोखठोक
कठड्याचं पटलं. कॉफीचं एवढं माहीत नव्हतं.

आतला माणूस
विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर अकरा वर्षं काढली, आता तिथे नाही. तुमच्याशी बोललेल्या बाई दुष्ट नाहीत. त्यांच्यापुढे फायलींचा ढीग आहे आणि लवकर मिटलेली फाइल म्हणजे चांगली फाइल, असा तिथला हिशेब असतो. पहिली रक्कम शेवटची क्वचितच असते.

फाइलमध्ये काय बघतात ते सांगतो. कठडा सुटलेला होता याचा घटनेच्या दिवशीचा पुरावा आहे का. पहिल्या केस पेपरवर 'जिन्यावरून पडले, कठडा निखळला' लिहिलंय की नुसतंच 'पडले'. उपचारात खंड आहे का. मध्ये महिनाभर डॉक्टरकडे गेला नाहीत तर 'तेव्हा दुखत नव्हतं' असा शेरा पडतो. पगार बुडाल्याचं मालकाचं पत्र आहे का. आणि हो, समाजमाध्यमांवर तुम्ही काय टाकता तेही बघतात. लग्नात एका पायावर उभं राहून काढलेला हसरा फोटोसुद्धा फाइलला लागतो.

फोनवर 'नोंदीसाठी तुमचं म्हणणं रेकॉर्ड करू का?' असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा, लेखी देतो म्हणा. त्यांच्याशी असं बोलायला तुम्ही सहसा बांधील नसता. तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीचं वेगळं. पॉलिसीत सहकार्याची अट असते, तिथे टाळाटाळ केलीत तर तुमचाच क्लेम अडकेल.

एक खड्डा दाखवून ठेवतो, यात बरेच जण पडतात. हॉस्पिटलचं बिल तुम्ही भरलंत की तुमच्या आरोग्य विम्यानं? विम्यानं भरलं असेल तर समोरच्याकडून आलेल्या रकमेवर पुष्कळ ठिकाणी त्या विमा कंपनीचा हक्क लागतो. मिळालेल्यातला मोठा हिस्सा परत करावा लागतो आणि हातात येतं ते 'वरचं थोडं'. सही करण्याआधी हे विचारून घ्या.

लंगडा घोडा
अरे देवा. बिल माझ्या आरोग्य विम्यानंच भरलंय. म्हणजे मला खरोखर वरचं थोडंच मिळणार होतं.

पुराव्याचं सांगायचं तर एक फोटो आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत सोबतच्या सहकाऱ्यानं काढला होता. त्यात आडवा पडलेला कठडा आणि उघडा बोल्ट स्पष्ट दिसतो. दुसऱ्या दिवशी तो परत गेला तर तिथे नवा कठडा बसवलेला! दुरुस्ती केली म्हणजे चूक कबूल केली, असं म्हणता येईल ना?

काळा डगला
त्यावर फार भिस्त ठेवू नका. अपघातानंतर केलेली दुरुस्ती हा निष्काळजीपणाचा पुरावा धरला, तर भीतीपोटी कुणी दुरुस्तीच करणार नाही, असा विचार त्यामागे आहे. अमेरिकेच्या फेडरल पुरावा नियमांत ४०७ क्रमांकाचा नियम नेमका यासाठीच आहे. मात्र कठडा आमच्या ताब्यातच नव्हता, असं ते म्हणू लागले तर हीच दुरुस्ती त्यांच्यावर उलटते. तुमचा खरा ऐवज तो फोटो आहे. मूळ फाइल तारीखवेळेसकट जपा, एकमेकांना पाठवून दाबलेली प्रत नको.

आता दुसरं काम, आणि हे आजच करा. इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र पाठवा: त्या दिवसाचं सीसीटीव्ही, देखभालीची वही, आधीच्या तक्रारी आणि काढून टाकलेला कठडा जपून ठेवा. सीसीटीव्हीवर काही दिवसांतच नवं चित्रण चढतं. पत्र पोचल्यावर काही नष्ट झालं तर ते का झालं, हे त्यांना सांगावं लागेल. पोच घ्यायला विसरू नका.

दावा कशावर उभा राहतो तेही थोडक्यात. त्यांच्यावर काळजी घ्यायची जबाबदारी होती, ती त्यांनी पाळली नाही, त्यामुळेच तुम्हाला लागलं आणि नुकसान झालं. चारही खांब लागतात. जबाबदारीची गोष्ट आली की वकील मंडळी गोगलगायीकडे वळतात, मीही वळतो. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या पेस्ली गावी एका कॅफेत मे डोनॅह्यू यांनी जिंजर बिअर घेतली. अपारदर्शक बाटली, आणि उरलेलं ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी त्यांची तक्रार. पैसे मैत्रिणीनं दिले होते, म्हणजे विक्रेत्याशीही करार नाही आणि उत्पादकाशीही नाही. मग भांडायचं कुणाशी? १९३२ मध्ये ब्रिटिश उमराव सभेनं (तेव्हा तिथलं सर्वांत वरचं कोर्ट तेच) तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आपल्या कृतीनं ज्याला इजा होईल हे आधी दिसायला हवं, तो आपला 'शेजारी'. त्याची काळजी घेण्यासाठी करार लागत नाही. गंमत अशी की बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. त्याआधीच प्रकरण मिटलं.

तुम्ही त्या इमारतीत भाडेकरू नव्हता, गिऱ्हाईक होतात की नुसते कुणाला भेटायला गेला होतात, यावरून थोडा फरक पडेल. पण 'आमचा तुमच्याशी करार नाही' हे उत्तर १९३२ पासून चालत नाही.

उन्हातली सावली
आईचं सांगते. तिला एका वाहनानं धडक दिली, मांडीचं हाड मोडलं. समोरून पहिलं उत्तर काय आलं असेल? 'बाई घरीच असतात, उत्पन्न नाही, त्यामुळे उत्पन्नाचं नुकसान शून्य.' मी तो कागद हातात धरून रडले. पाच माणसांचं घर चालवणाऱ्या बाईचं काम म्हणजे शून्य!

आमच्या वकीलताईंनी मला एक वही करायला लावली. आई जे जे करायची त्याची यादी, त्या प्रत्येक कामाला आता कोण लागतं, किती तास जातात, बाहेरून माणूस लावला तर काय द्यावं लागेल. आठ महिने रोज लिहिली. वहीच्या शेवटी आईचं एकूण काम बघून बाबा अर्धा तास गप्प होते. ते वेगळंच.

काळा डगला
वही ठेवलीत, उत्तम केलंत. हा मुद्दा आता कोर्टांनीही मानलाय. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि भरपाई काढताना ते धरलंच पाहिजे, हे पुन्हा ठामपणे सांगितलं. इंग्लंडात १९७३ च्या डॉनेली विरुद्ध जॉइस खटल्यात जखमी मुलाच्या शुश्रूषेसाठी आईनं नोकरी सोडली होती. घरच्यांनी फुकट केलं म्हणून ते नुकसान नाही, हा युक्तिवाद कोर्टानं फेटाळला. पुढे १९९४ मध्ये ठरलं की हे पैसे जखमीच्या हाती आले तरी ते शुश्रूषा करणाऱ्यासाठीचे असतात.

म्हणजे सावलीताई, तुमच्या आठ महिन्यांचीही किंमत होते. ती मागितली होती का?

उन्हातली सावली
मागितली आणि थोडी मिळाली. एकूण तीन वर्षं लागली. मी कोर्टाच्या बाकावर बसून एक अख्खा स्वेटर विणला. रोखठोक म्हणतात ती पायरी खरंच उंच आहे, नाही म्हणत नाही.

टाचणी
माझा प्रश्न वेगळा आहे. भाऊ यंत्रावर काम करताना जखमी झाला, दोन बोटं गेली. तो कंत्राटदारामार्फत लागला होता. मालक म्हणतो आमचा माणूस नाही, कंत्राटदार म्हणतो यंत्र आमचं नाही.

काळा डगला
ही टोलवाटोलवी शंभर वर्षांची आहे. कामावरच्या इजेसाठी बहुतेक देशांत वेगळी व्यवस्था असते आणि तिथे कुणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा आला, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये कामगार भरपाईचा. काम करताना लागलं एवढं दाखवलं की ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पैसे. अनेक ठिकाणी त्याच्या बदल्यात मालकावर वेगळा दावा लावायचा हक्क जातो आणि वेदनांचे पैसे सहसा मिळत नाहीत.

पण यंत्र बनवणारा मालक नसतो. संरक्षक जाळी नव्हती किंवा यंत्र मुळातच सदोष होतं, तर उत्पादकावर वेगळा दावा लागू शकतो. भाऊ कागदावर कुणाचा यापेक्षा त्याला रोज काम कोण सांगायचं, वेळ कोण ठरवायचं, हत्यारं कोण द्यायचं, हे लिहून काढा. नातं नोकराचं होतं की नाही हे कोर्टं बरेचदा त्यावरून ठरवतात. आणि त्या यंत्राचा क्रमांक असलेल्या पाटीचा फोटो कुणाकडून तरी मिळवा.

टाचणी
पाटीचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद साहेब.

दूरचा पाहुणा
न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे हा सगळा खेळच नाही. १९७४ पासून अपघात कुठेही होवो, घरात, रस्त्यावर, मैदानावर, चूक कुणाचीही असो, एक सरकारी संस्था उपचाराचा खर्च उचलते आणि काम बुडालं तर कमाईच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कुणावर दावा लावता येत नाही. मी सायकलवरून पडलो तेव्हा डॉक्टरनेच फॉर्म भरला. वकील नाही, तारखा नाहीत.

रोखठोक
हे झकास! हेच सगळीकडे का करत नाहीत?

दूरचा पाहुणा
थांबा, दुसरी बाजूही आहे. अपघातानं अपंग झालेल्याला कमाईच्या हिशेबानं मिळतं आणि आजारानं तितकाच अपंग झालेल्याला साधा सरकारी भत्ता. माझ्या शेजारचे दोघे तसेच आहेत, एक शिडीवरून पडलेला, एक पक्षाघाताचा. दोघांची स्थिती सारखीच, आवक मात्र फार वेगळी. शिवाय ज्यानं निष्काळजीपणा केला त्याला जखमी माणसासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही, याचा काहींना सल राहतो.

निरगाठ
वकिलाच्या फीबद्दल कुणीच बोलत नाही. 'जिंकलो तरच फी' म्हणतात ते खरं का?

काळा डगला
देशावर आहे. अमेरिकेत ते सर्रास चालतं, मिळालेल्या रकमेचा साधारण एक तृतीयांश वकील घेतो. इंग्लंडात हरल्यास फी नाही असा करार करता येतो. जिंकल्यावर वकील जी वाढीव फी घेतो तिला २०१३ पासून मर्यादा आहे, वेदनांची भरपाई आणि तोवर झालेलं नुकसान यांच्या २५ टक्के. पुढच्या उपचारांच्या पैशाला हात लावता येत नाही. भारतात निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांना मनाई आहे. करारात एक ओळ मुद्दाम शोधा: तज्ज्ञ डॉक्टरांची फी, कोर्ट शुल्क हे खर्च हरल्यास कोण भरणार? 'फी नाही' म्हणजे 'खर्च नाही' नव्हे.

आणि हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटत फिरणाऱ्याला वकीलपत्र देऊ नका.

निरगाठ
अजून एक. हॉस्पिटलच चुकलं तर? ऑपरेशननंतर माझ्या काकांचा हात बधिर राहिला.

काळा डगला
सगळ्यांत अवघड प्रकार. वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. इंग्लंडातल्या १९५७ च्या बोलम खटल्यापासून कसोटी अशी की त्याच शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला ती पद्धत मान्य असेल तर दोष नाही. धोका आधी सांगितला होता का, हा प्रश्न मात्र वेगळा. तिथे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात मोजपट्टी बदलली: डॉक्टरांना काय सांगावंसं वाटलं यापेक्षा त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला काय महत्त्वाचं वाटलं असतं, ते बघायचं. आधी सगळे केस पेपर मागवा, संमतीपत्रासकट, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. त्याचं मत विरुद्ध गेलं तर तिथेच थांबा, पैसा आणि झोप दोन्ही वाचेल.

सांधेजोड
बधिरपणाबद्दल: नसांची तपासणी लवकर करून घ्या, उपचारासाठीही आणि नोंदीसाठीही.

आतला माणूस
मुदतीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी बघितलेले सर्वांत वाईट दिवस तेच. दावा खरा, कागद पक्के, आणि मुदत संपलेली. अशी फाइल आम्ही दोन मिनिटांत बंद करायचो.

इंग्लंडात साधारण तीन वर्षं. ती इजेच्या दिवसापासून किंवा इजेचं कारण कळल्यापासून मोजतात, लहान मुलांच्या बाबतीत अठरा पूर्ण झाल्यावर. कॅलिफोर्नियात दोन वर्षं, पण समोर सरकारी खातं असेल तर सहा महिन्यांत लेखी मागणी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातला अपघात १९९९ च्या माँट्रियल करारात बसत असेल तर दोन वर्षं. आणि विमा कंपनीशी गोड बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबतं असं कुणी समजू नका. लेखी कबूल करून घेतल्याशिवाय ते थांबत नाही.

उन्हातली सावली
माझीही एक भर. आईला धडक देणारा ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण नाही. फौजदारीत संशयाला जागा उरता कामा नये, दिवाणीत पारडं कुठे झुकतं ते बघतात. वकीलताईंनी तेव्हा अमेरिकेतला फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचं उदाहरण दिलं होतं: १९९५ मध्ये खुनातून निर्दोष, १९९७ मध्ये त्याच मृत्यूंसाठी दिवाणी कोर्टात जबाबदार.

लंगडा घोडा
चार महिन्यांनी परत आलोय. कुबड्या गेल्या, काठी आहे.

सही केली नाही. बाईंना लेखी कळवलं की उपचार चालू आहेत, पूर्ण झाल्यावर बोलू. त्यांचा सूर थोडा बदलला, पण ओरडल्या नाहीत. वकील केला. जतन करायचं पत्र गेलं त्याआधीच सीसीटीव्ही पुसलं गेलं होतं. देखभालीची वही मात्र मिळाली. त्यात माझ्या पडण्याच्या तीन आठवडे आधी वरच्या मजल्यावरच्या एका भाडेकरूनं लिहिलंय, 'जिन्याचा कठडा हलतो, कृपया बघावे.' खाली कुणाची तरी सही आणि 'पाहिले' असा शेरा.

सर्जन म्हणतात कूर्चा थोडी गेली आहे, प्लेट वर्षभरानं काढू. आरोग्य विम्यानं आपला हिस्सा मागणारं पत्र पाठवलंच. दुसरा प्रस्ताव पहिल्याच्या अडीचपट आला. मोबाइलबद्दल ४० टक्के कापा म्हणतात, आमचा वकील १५ वर अडून आहे. पुढच्या महिन्यात मध्यस्थासमोर बसायचंय. बायको आता म्हणते, घाई कशाला?

काळा डगला
तो 'पाहिले' शेरा सीसीटीव्हीपेक्षा भारी आहे. त्यांना माहीत नव्हतं, हा बचावच गेला. पंधराला अडा, वीस-पंचवीसला मिटलं तर मला नवल वाटणार नाही. लेखी तडजोडीत प्लेट काढण्याचा खर्च वेगळा लिहून घ्या आणि आरोग्य विम्याचा हिस्सा कोण देणार तेही.

रोखठोक
मध्यस्थाचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?

लंगडा घोडा
चौथ्या. लिफ्ट आहे, आधी फोन करून विचारलं. मोबाइल खिशात ठेवून जाणार आहे.